गावगाडा आणि सायकल

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ सालचा. २०१५ साली संसदेने त्यात दुरुस्ती केली व ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. या दुरुस्तीने तिसऱ्या कलमात काही नवे गुन्हे घातले. त्यांपैकी एक असा : अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक जागी सायकलवर किंवा मोटारसायकलवर बसण्यास, ती चालविण्यास, पायात पादत्राण वा अंगात नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास अडथळा करणे.

हे कलम मी विद्यार्थ्यांना अनेकदा वाचून दाखविले. वरात ठीक, घोडा ठीक, पण कायद्याच्या पुस्तकात सायकल कशाला, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. आजच्या घडणीची, दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लेने १८८५ साली बाजारात आणली. त्यानंतर १३० वर्षांनी भारताच्या संसदेला लिहावे लागते की, दलिताला सायकलवरून खाली उतरविणे हा गुन्हा आहे. ज्या गोष्टीला अडथळा होतच नाही, तिच्यासाठी कोणी कायदा करीत नाही. मग या बिचाऱ्या सायकलने कोणाचे काय घोडे मारले होते?

याचे उत्तर सायकलच्या प्रस्थापित इतिहासात मिळत नाही. त्या इतिहासात कारखाने आहेत, शोध आहेत, शर्यती आहेत. रस्ता कोणाचा, हा प्रश्न तेवढा नाही. आपला इतिहास त्या प्रश्नापासून सुरू होतो.

१

त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले आणि खेड्यातील व्यवस्थेला हा शब्द कायमचा चिकटला. शब्द मोठा अन्वर्थक आहे. गाड्यात कोणी बसतो, कोणी तो हाकतो, कोणी जुवाखाली असतो आणि कोणी गाड्यापुढे धुरळा खात पळतो. महाराच्या वाट्याला हे शेवटचे काम आले. सरकारी बोचके पुढच्या गावी पोचविणे, साहेबाच्या घोड्यापुढे धावणे, चावडीचा निरोप नेणे, गावातल्या मर्तिकाचा सांगावा चारी दिशांच्या सोयऱ्यांना देणे, ही सारी पायांची कामे. गावात सर्वांत जास्त चालणारा माणूस हाच, आणि ज्याच्या बुडाखाली कधीच वाहन नाही, असा माणूसही हाच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा या सक्तीच्या पायपिटीचा प्रश्न प्रथमच कायद्याच्या दारात गेला. आमचा मराठवाडा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. आमच्या वाट्याला ते कायदेमंडळही नव्हते.

पैसे मोजून वाहन मिळाले तरी काय होई, ते बाबासाहेबांनीच लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही त्यांची आठवणींची टिपणे १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. त्यांतील पहिली आठवण १९०१ सालची. सातारहून वडिलांकडे निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते, खिशात पैसे होते. जात कळताच एकही बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालेल, असा तोडगा निघाला. आणखी एक आठवण १९२९ची, चाळीसगावची. आता ते परदेशातून विद्वत्तेच्या पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते. सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करीत फिरत होते. टांगेवाला टांगा भाड्याने द्यायला राजी झाला, पण महाराचा टांगा हाकणे त्याला कमीपणाचे वाटले. वस्तीतल्या लोकांनी आपल्यातलाच एक माणूस पुढे बसविला. त्याला टांग्याची सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या दोन प्रसंगांत अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. शिक्षण बदलले, पद बदलले, बैलाच्या जागी घोडा आला. गाडीवान मात्र तोच राहिला. भाडे घेणारा हात आणि सोबत बसायला नकार देणारा माणूस एकच होता. १९५५च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने सार्वजनिक वाहन नाकारणे हा गुन्हा ठरविला, तो याच अनुभवामुळे.

आता सायकलकडे पाहा. सायकलला गाडीवान नसतो. तिला बैल लागत नाही, घोडा लागत नाही, वैरण लागत नाही. तिच्यावर बसणारा आणि तिला हाकणारा एकच असतो. वाहनासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहण्याची गरज जिने पहिल्यांदा संपविली, ती ही दोन चाकांची लोखंडी वस्तू. गावगाड्याला ती खुपली, याचे कारण येथे आहे.

२

महाराष्ट्रात सायकल आली ती श्रीमंताची चीज म्हणून. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. पुढे नांगर आणि इंजिने करणाऱ्या त्या उद्योगघराण्याची सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली. त्याच १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर काढला. पण इंग्लंडहून येणारी ती सायकल वकील, डॉक्टर, अंमलदार यांच्या अंगणातच उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. मद्रासला टी. आय. सायकल्स, सोनिपतला ॲटलस, लुधियान्याला हीरो असे देशी कारखाने उभे राहिले. किंमत उतरली आणि जुन्या सायकलींचा बाजार तयार झाला. दलिताच्या घरी सायकल आली ती बहुधा या जुन्या बाजारातून. दुसऱ्याने वापरलेली, रंग उडालेली, तिसऱ्या हाताची.

हट्टा हे वसमत तालुक्यातले गाव. तेव्हाचा जिल्हा परभणी. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. आमचे खेडे हट्ट्याच्या आसपासचे. त्याचे नाव देत नाही, कारण जे सांगणार आहे ते त्या एका गावापुरते नाही. ही काळ्या चिकण मातीची भूमी. पावसाळ्यात मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये चिखल असा दाटतो की चाक फिरत नाही. काडीने चिखल उकरायचा, दहा पावले जायचे, पुन्हा उकरायचा. शेवटी सायकल खांद्यावर घ्यायची. माणसाने वाहनावर बसायचे की वाहनाने माणसावर, असा प्रश्न पडे. तरीही लोक सायकल घेत, कारण उरलेले आठ महिने हट्टा, वसमत, जवळा बाजार, पूर्णा ही नावे तिच्यामुळे जवळ येत.

आमच्या घरी सायकल आली ती दुष्काळाच्या पैशातून. १९७२-७३चा दुष्काळ मराठवाड्याने विसरावा असा नाही. सरकारी कामांवर खडी फोडून, मातीच्या पाट्या वाहून आई-वडिलांनी जे साठविले, त्यातून जुनी सायकल आली. दुष्काळी कामावर मजुरी रोख मिळे. ती धान्याच्या रूपात कोणाच्या खळ्यावरून आणायची नव्हती, की सालगड्याच्या उचलीत वळती व्हायची नव्हती. त्या रोख पैशाने घेतलेल्या वस्तूवर गावातल्या कोणाचाही हक्क पोचत नव्हता. त्या सायकलीने वडील पूर्णा स्टेशनच्या बाजूला हमालीला जाऊ लागले. पेरणीच्या दिवसांत मालकाच्या दारात उभे न राहता दुसऱ्या गावची मजुरी विचारू लागले. दहा कोसांच्या आत कोठे काय दर चालला आहे, हे ज्याला कळते, त्याला आपल्या गावचा दर मुकाट घ्यावा लागत नाही. आमच्या भागात सालगडी मिळेनासे झाले, अशी तक्रार पुढे पुढे कानावर येई. त्याची कारणे अनेक आहेत. त्यांत ही जुनी सायकल कोणी मोजत नाही.

पण सायकल मिळाली म्हणजे रस्ता मिळाला, असे नव्हते. वडील वेशीपाशी उतरत. सायकल हातात धरून चावडीपुढून चालत जात आणि देवळाची भिंत संपली की पुन्हा बसत. उतर, असे त्यांना शब्दांनी कोणी सांगितले नव्हते. सांगण्याची गरजच नव्हती. मी कॉलेजातून सुटीला आलो आणि एकदा तसाच बसून गेलो. चावडीवरून आवाज आला, "बापाला समजतं, पोराला शिकवलं न्हाई व्हय रं?" मी थांबलो नाही. रात्री वडील म्हणाले, "तू चार दिसानं औरंगाबादला जाशील. हितं मला राहायचंय." आई चुलीजवळून बोलली, "मंग काय सायकल डोक्यावर घेऊन फिरायची का जन्मभर?" वडील काही बोलले नाहीत. पुढे बरेच महिने ते उतरतच राहिले. कधीतरी उतरेनासे झाले. कोणत्या दिवशी, ते त्यांनाही सांगता आले नसते. अशा गोष्टींच्या तारखा इतिहासात लागत नाहीत, म्हणून त्या घडल्याच नाहीत असे समजणारे इतिहासकार आपल्याकडे पुष्कळ आहेत.

३

१९७६ साली मी प्राथमिक शिक्षक झालो. नेमणुकीच्या गावी राहायला खोली शोधली. पहिला प्रश्न आडनावाचा; आडनावावरून उलगडा झाला नाही तर गावाचा; मग पाहुण्यांचा. खोली मिळाली नाही. वस्तीत राहावे तर तेथे एकेका घरात आठ माणसे. म्हणून रोज सायकल. सकाळी जायचे, संध्याकाळी परतायचे. माझ्यासारखे अनेक मास्तर त्या काळी त्या रस्त्यांवर दिसत. कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी, पँटच्या पायाला क्लिप. लोक आम्हाला 'अपडाऊन मास्तर' म्हणत.

वरिष्ठांच्या तपासणीत शेरा ठरलेला असे : शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत. शेरा खरा होता. का राहत नाहीत, या प्रश्नासाठी त्या छापील नमुन्यात रकाना नव्हता. शहरात कामगार सायकलवर जातो, कारण गिरणी दूर असते. येथे शाळा गावातच होती, राहण्याचा हक्क तेवढा दूर होता. मराठवाड्यातल्या दलित शिक्षकांच्या, तलाठ्यांच्या, ग्रामसेवकांच्या सायकलींनी जे अंतर तोडले, त्यातले किती अंतर जमिनीचे आणि किती जातीचे, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

तरी या सायकलींनी आणखी एक काम केले. पूर्वी महार निरोप नेई तो गावाचा असे. आता तोच रस्ता तुडवीत तो आपला निरोप नेऊ लागला. जयंतीची वर्गणी, सभेची तारीख, वसतिगृहाच्या प्रवेशाचे अर्ज, मासिकाचे अंक हे सारे कॅरिअरवरून फिरले. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला आणि पाठोपाठ खेड्यांतल्या आपल्या वस्त्या पेटविल्या गेल्या. त्या दिवसांत घरात टेलिफोन असण्याचा प्रश्नच नव्हता. एका वस्तीची बातमी दुसरीपर्यंत पोचे ती पायी किंवा सायकलवर, दिवा न लावता, शिवारातल्या पायवाटेने. नामविस्तारापर्यंतची, म्हणजे १४ जानेवारी १९९४ पर्यंतची ती सोळा वर्षे ज्यांनी अशी चाकांवर काढली, त्यांची नावे कोणत्याही स्मरणिकेत नाहीत.

४

आता शर्यतींविषयी. मुंबई-पुणे सायकल शर्यतीची बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचत असू. बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत. आमच्या खेड्यांत शर्यत नव्हती. तेथे यायचा तो सात दिवस सायकलवरून न उतरणारा कलावंत. शाळेपुढच्या मैदानात तो गोल गोल फिरे. खाणे, अंघोळ, दाढी, सगळे सायकलवरच. रात्री गॅसबत्ती आणि कर्ण्यावर गाणी. शेवटच्या दिवशी लोक त्याच्या शर्टाला नोटा टाचत. सारा गाव तेथे जमे. जो गाव चावडीपुढून जाणाऱ्याला उतरायला लावतो, तोच गाव न उतरणाऱ्याला पैसे देतो, हे तेव्हाही माझ्या ध्यानात आले होते. अट एवढीच की, त्याने गोल फिरावे. वेशीतून आत येऊ नये आणि कोठे जाऊही नये.

खेळात गुणाला जात नसते, हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. पळवणकर बाळू हा आपल्यातला थोर गोलंदाज. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. त्याच बाळूला पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळताना चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. सायकलच्या जगातही असा एक माणूस होऊन गेला. दलित पँथरने १९७२ साली ज्या काळ्या बांधवांकडून आपले नाव घेतले, त्यांच्यातलाच तो. मार्शल टेलर, लोक त्याला मेजर टेलर म्हणत. जन्म १८७८, इंडियानापोलिस. अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या मोठ्या संघटनेने १८९४ साली काळ्यांना सभासदत्व बंद केले. १८९७ साली एका शर्यतीनंतर गोऱ्या स्पर्धकाने त्याचा गळा आवळून त्याला बेशुद्ध केले. १८९९ साली मॉन्ट्रियलला तो एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. युरोप आणि ऑस्ट्रेलियात हजारोंनी त्याला डोक्यावर घेतले. १९२८ साली त्याने आपले आत्मचरित्र स्वतःच छापले. १९३२ साली शिकागोत तो दारिद्र्यात मेला आणि बेवारसांच्या दफनभूमीत पुरला गेला. १९४८ साली जुन्या सायकलपटूंनी त्याचे अवशेष तेथून काढून सन्मानाने दुसरीकडे पुरले. त्या संघटनेने आपली बंदी रद्द केल्याचे जाहीर केले ते १९९९ साली, म्हणजे तो जगज्जेता झाल्यावर शंभर वर्षांनी.

बाळूचे भांडे आणि टेलरची बंदी एकाच मातीतून घडली आहेत. चेंडू आणि चाक यांना जात-वर्ण कळत नाही, हे खरे. पण मैदान ज्यांच्या मालकीचे असते, त्यांना तो चांगला कळतो.

५

यंत्राने जात जाईल, असे मानणारा एक वर्ग आपल्यात आहे. यंत्रच माणसाला बिघडविते, असे मानणारा दुसरा. गांधीवादाच्या यंत्रविरोधावर बाबासाहेबांनी १९४५च्या ग्रंथात कठोर टीका केली. ज्याला जनावरासारखे राबावे लागते, त्याला विसावा आणि संस्कृती यांची संधी यंत्राखेरीज मिळणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. तो सायकललाही लागू पडतो. मात्र यंत्र आपोआप काही करीत नाही. ते संघटितपणे हाती घ्यावे लागते.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याचे उदाहरण घ्या. १९९१-९२च्या सुमारास तेथील साक्षरता मोहिमेने बायकांना अक्षरांबरोबर सायकल शिकविली. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बाया, त्यांत दलित बायाही आल्या. पुरुषांनी टवाळी केली, घाणेरडे बोलले. एका जाहीर कार्यक्रमात सत्तर हजारांवर बायकांनी सायकली चालवून दाखविल्या. उत्तरेकडे १५ मार्च १९८३ रोजी कांशीराम यांच्या डी.एस.फोर या संघटनेने दिल्लीहून सायकल मोर्चा काढला. शंभर स्वार, चाळीस दिवस, सात राज्ये, सुमारे ४२०० किलोमीटर. ज्यांच्याजवळ मोटारी नाहीत, पैसा नाही आणि वर्तमानपत्रे नाहीत, त्यांनी काय वापरावे, याचे ते उत्तर होते. हेच कांशीराम पुण्यात सरकारी नोकरीत असताना आंबेडकरी चळवळीत आले, हे महाराष्ट्राने विसरू नये.

बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. पुढे झालेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. माझ्या आईने सायकलला हात लावला तो फक्त पुसण्यासाठी. तिच्या नाती त्याच रस्त्याने शाळेला सायकलवर गेल्या. आपल्याच घरातले पुरुष या सायकलीवर आधी हक्क सांगतात, हेही मी पाहिले आहे. ते लपवून आपला इतिहास खरा होणार नाही.

आज सायकलचे दिवस गेले, असे शहरातला माणूस म्हणतो. किंवा लाखाची सायकल घेऊन आरोग्यासाठी पहाटे फिरतो. फिरो बापडा. पण २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामावर जाणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांची मोजदाद झाली. त्यांत शंभरातले २३ पायी जाणारे आणि १३ सायकलवर जाणारे होते. शेतमजूर त्यात धरलेलेच नाहीत. हा माणूस छंद म्हणून पॅडल मारीत नाही. त्याच्यासाठी रस्त्याच्या कडेला चार फुटांची जागा राखावी, असे कोणत्याही योजनाकाराला वाटत नाही. पूर्वी चावडी त्याला खाली उतरवीत असे, आता भरधाव मोटार उतरविते.

कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांना माझे सांगणे साधे आहे. आपल्या वस्तीत पहिली सायकल कोणी घेतली, कोणत्या साली, कोणत्या पैशाने, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. ते कोठे उतरत असत आणि कधी उतरेनासे झाले, तेही विचारा. बाईला सायकल कोणी शिकविली, कोणी अडविले, ते विचारा. एका वहीत लिहून काढा, गावाचे नाव आणि साल घाला. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद द्यायची वेळ येते तेव्हा, असे येथे कधी घडलेच नाही, असा बचाव हमखास येतो. आपल्याजवळ आज त्याला द्यायला कागद नाही. ज्यांना ते ठाऊक आहे, ती पिढी सत्तरीच्या पुढे गेली आहे. हे काम या उन्हाळ्याच्या सुटीतच व्हायला हवे.